अंदुऱ्यांच्या काचेतला बँड

माकडाच्या पाठीत मनगटापर्यंत हात घालून मी मोटर शोधत होते आणि मोटर काही सापडत नव्हती.

"असंल की आतच," शिरीष अंदुरे म्हणाला. "जातीय कुठं?"

"पाठीत नाही, पोटात नाही, फळीखालीही नाही. उंदरानं नेली का?"

माझ्या बोलण्यावर तो कसंनुसं हसला. मी हात बाहेर काढला, तर बांगड्यांना कोळिष्टकं लागलेली. बाहेर कराडचा आठवडी बाजार भरत होता आणि मी, सातारच्या बाजारपेठेत स्वतःचं चष्म्याचं दुकान असलेली चाळीस वर्षांची बाई, दुसऱ्याच्या दुकानाच्या काचेत गुडघे टेकून बसले होते. येणारेजाणारे थांबून बघत होते. बघू देत. लोकांनी बघितलं म्हणून एखादं काम सोडायची सवय मला कधीच नव्हती.

मला खेळण्यांच्या दुकानांतल्या, विकायला नसलेल्या वस्तू जमवायचा नाद आहे. दुकानदार काचेत किंवा दारात जे मांडतो, ज्याला बघून पोरं थबकतात आणि आईचा हात ओढतात, ते. मिरजेच्या एका दुकानातला मान डोलावणारा हत्ती माझ्याकडे आहे. निपाणीच्या दुकानातलं पिपाण्या खोचायचं रंगीत लाकडी झाड आहे. "ते विकायचं न्हाई, ते दाखवायचं हाय," असं दुकानदार म्हणाला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. माझा भाऊ या सगळ्याला भंगार म्हणतो आणि मी त्याला माझ्या माडीवर येऊ देत नाही.

पण या सगळ्याच्या आधी, सगळ्यात आधी, अंदुऱ्यांच्या खेळण्यांच्या दुकानातला माकडांचा बँड होता. लाल कोटातली, दोन-दोन फुटांची पाच माकडं. ढोल, ताशा, झांजा, सनई, आणि शेवटी तुतारीवाला, त्याच्या डोक्यावर काळी टोपी. मागे फळीवर रंगवलेला राजवाडा आणि वर पाटी: विजेवर चालणारा माकडांचा बँड. दिवाळीला मी कराडला मामाकडे जायची. सहा वर्षांची असेन, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मामाची पोरं मला ढापणी म्हणायची. एकदा त्यावरून मी काचेसमोर उभी राहून भोकाड पसरलं, तर तुतारीवाल्या माकडानं माझ्याकडे बघून टोपी उचलली. माझ्याकडेच. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी मान दिला होता, आणि तो माकडानं दिला याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

म्हणून शिरीषचा फोन आला तेव्हा मी दुकानाला कुलूप लावून मिळेल त्या एसटीनं निघाले होते. त्याला त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं आणि बँड काढून टाकायचा होता. पोचले तर तिथं आधीच एक गृहस्थ हजर. पुण्याचे बिडकर. त्यांचं हायवेवर मोठं हॉटेल होतं आणि त्यात त्यांनी बैलगाडीची चाकं, कंदील, पाटे-वरवंटे असलं सगळं भिंतींवर टांगलेलं होतं. पाटा-वरवंटा भिंतीवर टांगणाऱ्या माणसाशी माझं कधीच पटलं नसतं. दोघांना एकाच दिवशी बोलावण्याइतका शिरीष हुशार होता.

"मॅडम, मोटर नसेल तर वस्तू अर्धवट आहे," बिडकर म्हणाले. "कुणीतरी काढून विकलेली दिसतेय."

"चुलते होते आमचे," शिरीष घाईघाईनं म्हणाला. "त्येंनी काय केलं असलं तर म्हाईत न्हाई."

मी फळीखालून येणाऱ्या दोऱ्या बघत होते. प्रत्येक माकडाच्या दोन-तीन दोऱ्या रंगमंचाखालून मागे गेलेल्या, राजवाड्याच्या फळीपलीकडे, आणि प्रत्येकीच्या टोकाला पितळी कडी. अंगठीपेक्षा जरा मोठी. या विषयातली जाणकार म्हणून मी जाणकारासारखं बोलले.

"या कड्या मोटरच्या चाकाच्या दातांत अडकवत असणार. चाक फिरलं की दोरी ओढली जाते. मोठ्या अकलेचं काम आहे."

"अगदी बरोबर," बिडकर म्हणाले. आमचं एकमत झालं ते तेवढंच एकदा.

"आमचा वायरमन हाय," शिरीष म्हणाला. "नवी मोटर बसवून देतो. चार दिवसांत पयल्यासारखं."

"मोटर न्हवतीच."

आवाज मागच्या दारातून आला. दुकानाच्या मागे अंदुऱ्यांचं घर होतं आणि त्या दारात सत्तरीच्या पुढची, काटकुळी बाई उभी होती. हातात निवडायला घेतलेली मेथी. शिरीषची चुलती, द्वारकाकाकू. मघाशी तिनंच मला पाणी आणून दिलं होतं आणि मी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं.

"काकू, तुमी आत जावा," शिरीष म्हणाला.

"आत जाऊन लई वर्षं झाली. मोटर न्हवती म्हंते मी."

"पाटीवर तर विजेवर चालणारा असं लिहिलंय, आजी," बिडकर हसत म्हणाले.

"पाटी माझ्या सासऱ्यानं लिवली. मोटर होती पयल्यांदा, एकच दिवस. वसुबारसेला लावली आन् त्याच दिवशी जळाली. गावभर सांगून झालेलं, वाजंत्री लावून. दुसऱ्या दिवशी सगळं कराड दारात. सासरा म्हनला, सूनबाई, दिवाळीपुरतं फळीमागं बस आन् दोऱ्या वढ. बसले." तिनं मेथीची जुडी गल्ल्यावर ठेवली. "दिवाळी पंचवीस-सव्वीस वर्षं चालली."

शिरीषची मान खाली गेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकू राजवाड्याच्या फळीमागे गेली. फळी आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी बोळकांडी होती. तिथं अडगळ असेल म्हणून मी आत डोकावलेही नव्हते. तिनं तिथला पाट पायानं सरळ केला, बसली, आणि त्या कड्या बोटांत घालायला लागली. एकेक कडी एकेका बोटात चपखल. उरलेल्या पायाच्या अंगठ्यांत. मी जाणकार म्हणून काय काय बोलले होते ते आठवून मला माझंच हसू आलं.

मी काचेच्या बाजूनं बघत होते. ढोलवाल्यानं आधी आळस दिला. खरंच दिला, खांदे वर करून. मग ताशेवाला दचकल्यासारखा सुरू झाला, सनईवाला डुलायला लागला, आणि झांजवाला एक ठोका मुद्दाम उशिरा वाजवून इकडेतिकडे बघायला लागला, आपलं चुकलं ते कुणाला कळलं का म्हणून.

"मोटरीवर सगळी एकसारखी हलायची," फळीमागून आवाज आला. "मेल्यावानी. एका दिवसात पोरं कंटाळली असती."

"आणि टोपी?" मी विचारलं.

"ह्या राजवाड्याच्या खिडकीला खरंखुरं भोक हाय. त्यातनं रस्ता दिसतोय. रडणारं पोरगं दिसलं की टोपी उचलायची मी."

"मी होते तशी एक. चष्मा होता मला."

"असली पोरं लई होती, बाई. तू कुठली मला आठवायला."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खोटंनाटं आठवून दाखवणाऱ्यातली ती नव्हती, आणि म्हणूनच ती मला तिथल्या तिथं आवडली.

बिडकर मात्र घड्याळ बघत होते. "छान आहे, आजी. कौतुक आहे तुमचं. पण हॉटेलात रोज माणूस कोण बसवणार? आम्ही मोटरच लावू. आणि पाटी तशीच ठेवू, त्या काळात विजेवर चालणारा बँड म्हणजे ऐकायला भारी वाटतं."

काकू फळीमागून बाहेर आली. "तुमच्या हाटेलात मला बसायचं पण न्हाई. पण मोटर लावायची न्हाई ह्येला. आन् ती पाटी काढायची. आज बाजार हाय. ही फळी काढून मी हितं बसणार, दिवे लागताना. सगळ्यांच्या म्होरं. मग बँड जाऊ दे कुठं जायचा तिकडं."

"काय खूळ घेतलंय डोक्यात," शिरीष म्हणाला. "आज्याला लबाड म्हणतील लोक. घराची अब्रू जाईल चारचौघांत."

"आज्याची अब्रू ऱ्हायली आन् माझं काय ऱ्हायलं?" तिचा आवाज चढला नाही, पण ती जागची हललीही नाही. "सगळं कराड मला बघायला यायचं, शिऱ्या. पाटणचं, उंब्रजचं, मसूरचं मानूस यायचं. आन् एकाला मी दिसले न्हाई. देवळात बाया मलाच सांगायच्या, तुमच्या दुकानातली मशीन काय गुणाची हाय म्हणून. मी हो म्हणायची. मला एक डाव दिसायचंय."

बिडकरांनी खिशातून कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं, मेथीच्या शेजारी. "तुमचा घरचा वाद मिटला की फोन करा," म्हणाले आणि गाडीत बसून गेले. गाडी गर्दीतून काढायला त्यांना बराच वेळ हॉर्न वाजवावा लागला.

मग शिरीष मला दुकानाच्या पायरीवर घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता. आजोबांच्या नावावर गावात मान मिळवून मोठा झालेला साधा माणूस होता, आणि तो मान जाईल या भीतीनं त्याला घाम फुटला होता.

"ताई, तुमी घ्या बँड. तुमीच न्या. तुमी म्हणाल त्या किमतीला, अगदी कमीत कमी. आत्ता टेम्पो बोलावतो, संध्याकाळच्या आत साताऱ्याला पोचतोय. फकस्त काकूचं हे बाहेर बोलू नका. बँडच न्हाई म्हणल्यावर बसंल कुठं ती?"

मी काचेकडे बघितलं. पाचही माकडं तिथं होती, लाल कोटात. माझ्या माडीवर खिडकीसमोरची जागा मी त्यांच्यासाठी कित्येक वर्षं मोकळी ठेवली होती. तिथं दुसरं काहीही ठेवू दिलं नव्हतं, साधी खुर्चीसुद्धा नाही. मी हो म्हटलं असतं तर कुणीही मला नावं ठेवली नसती. उलट वस्तू चांगल्या घरी गेली असंच म्हटलं असतं. आणि मला ती वस्तू हवी होती, जीव जाईल इतकी हवी होती.

मी पदरानं काचेवरची धूळ पुसायला लागले. तेवढ्यावरून शिरीषला वाटलं, जमलं. तो टेम्पोवाल्याचा नंबर लावायला लागला.

मी आत गेले. "काकू, घरात उलथणं आहे का? जाड बघून द्या."

"कशाला गं?"

"फळीला खिळे आहेत. नखांनी निघणार नाहीत."

तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि भाकरीचं लोखंडी उलथणं आणून दिलं. शिरीष मागून आला. "ताई, काय करताय? मी हातात आणून देतोय तुमच्या."

"कळलं मला. धरा हे टोक, नाहीतर राजवाडा माझ्या डोक्यात पडेल."

"मी हात लावणार न्हाई."

"मग बाजूला व्हा."

तो बाजूला झाला नाही, फळीसमोर उभा राहिला. "दुकान माझं हाय," म्हणाला.

"अर्धं माझ्या नवऱ्याचं," काकू शांतपणे म्हणाली. "मोबाइलच्या दुकानाला माझी पण सही लागती. मागितली का तू अजून?"

शिरीष बाजूला झाला.

खिळे गंजलेले होते. दोघी मिळून उलथण्यानं एकेक उचकटत होतो. घाम, धूळ, वर राजवाड्याचा निळा रंग पापुद्रे होऊन साडीवर पडतोय. एकदा माझ्या अंगठ्याला लागलं तर काकूनं तोच अंगठा आपल्या तोंडात धरला, लहान पोराचा धरावा तसा, आणि परत कामाला लागली. शेवटचा खिळा निघाला आणि फळी मागच्या कपाटाला टेकवून ठेवली. आता काचेतून माकडांच्या मागे तो पाट, दोऱ्या, कड्या, सगळं उघडं दिसत होतं. वरची पाटी मी स्टुलावर चढून काढली.

रस्त्यावर दिवे लागले तशी काकू पाटावर बसली. सव्वीस वर्षांची सवय असलेलं अंग, नुसतं बसलं तरी जागा ओळखत होतं. कड्या घातल्या. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. शिरीष दाराशी होता, आत ना बाहेर.

ढोल वाजला. भाजीवाल्या बायांनी माना वळवल्या. दोन पोरं धावत आली, त्यांच्यामागे त्यांचे बाप, मग पिशव्या घेतलेली माणसं थांबायला लागली. "अरे, बँड सुरू झाला परत," कुणीतरी म्हणालं. सगळे माकडांकडे बघत होते. मग एकाचं लक्ष वर गेलं, मागे, आणि तो थांबला. मग दुसऱ्याचं. हळूहळू सगळी गर्दी माकडांच्या डोक्यावरून तिच्याकडे बघायला लागली.

टाळ्या वाजतील असं मला वाटलं होतं. टाळ्या कुणीही वाजवल्या नाहीत.

एक म्हातारा काचेजवळ गेला. धोतर, हातात पिशवी. "म्हंजे हे लाइटीवर न्हवतं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," काकू आतून म्हणाली. हात चालूच.

"मी माझ्या पोरास्नी सांगायचो, लाइटीवर हाय म्हणून. इतकी वर्षं आमाला फशिवलं का मग?"

"बघताना मजा आली का न्हाई?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "आली."

"मग ऱ्हावा की उभं."

तो उभा राहिला. कुणीतरी मागून हसलं. एक बाई म्हणाली, "फळी टाका की पुन्हा, सगळं उघडं झाल्यावर काय मजा?" दुसरी म्हणाली, "गप गं, बघू दे तिची बोटं." एक तरुण मुलगा म्हणाला, अंदुरेशेठनी चांगला गंडा घातला गावाला, आणि ते ऐकून शिरीषचा चेहरा काळाठिक्कर पडला. काकूनं ते ऐकलं असणार. तिनं झांजवाल्याला एक ठोका उशिरा वाजवायला लावला आणि लहान पोरं खदखदून हसली.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरचा पदर सरकला. आधी थोडा, मग खांद्यावर, मग पार मागे. पांढरे, विरळ केस, लहानसा अंबाडा, सगळं भर बाजारात उघडं. अंदुऱ्यांच्या घरची सून, सत्तरी ओलांडलेली, उभ्या जन्मात उघड्या डोक्यानं उंबऱ्यात न आलेली. गर्दीतून एकदम कुजबुज झाली.

"काकू," शिरीष दारातून ओरडला. "पदर घ्या. डोक्यावर पदर घ्या आधी."

दहाही बोटं दोऱ्यांत, पायांचे अंगठे दोऱ्यांत. एक हात सोडला असता तर दोन माकडं मान टाकून बसली असती.

"हात मोकळा न्हाई," ती म्हणाली, आणि वाजवत राहिली.

कुणीही हललं नाही. मीसुद्धा नाही. मी आत जाऊन तिचा पदर सावरू शकले असते, आणि मी सावरला नाही याचा मला अजूनही अभिमान वाटतो. ती थांबेपर्यंत गर्दी थांबली. नंतर लोक बाजाराला लागले, म्हातारा मात्र जाताना काचेकडे वळून, दोन्ही हात जोडून गेला. माकडांना नाही, तिला.

ती कड्या काढत होती तेव्हा मी आत गेले. तिची बोटं लाल झाली होती. आता या वस्तूवर माझा हक्क आहे, निदान थोडा तरी, असं मला मनापासून वाटत होतं. हातचा बँड सोडून मी तिच्या बाजूनं उभी राहिले होते.

"काकू, मला द्या हा बँड. मोटर लावणार नाही, पाटी लावणार नाही. तुमचं नाव लिहीन मोठ्या अक्षरात."

"घेऊन काय करशील?"

"जपून ठेवीन. काचेच्या कपाटात. धूळसुद्धा बसू देणार नाही."

ती बोटं चोळत होती, थांबली.

"मला पण जपूनच ठेवलेलं की," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं."

मला राग आला. माझ्या माडीवरच्या वस्तूंना कुणी असं बोललेलं मला खपत नाही, भावालाही नाही. तोंडाशी उत्तर आलं होतं, पण तिच्या मांडीवरची ती बोटं बघून ते तिथंच राहिलं.

"मग आता काय करणार?" मी विचारलं. "शिरीष दुकान मोडणार आहे."

"मोडू दे की. पाट घेऊन मी भाइर वट्यावर बसीन, माकडं म्होरं ठेवीन." तिनं पदर डोक्यावरून घ्यायला हात वर नेला, आणि मग तसाच खाली आणला. "उद्या दिवे लागले की परत बसणार हाय मी. तुला बघायचं असलं तर ये. रस्त्यावर उभी ऱ्हा, लोकांच्यात."